कोणी लिहिलं ते दाखवणारी खिडकी

“मेमरीची खिडकी मागणारा आला, की आधी त्याचे हात बघ,” इवासे सर म्हणायचे. जुन्या व्हिडिओ-खेळयंत्राची संगणकावर हुबेहूब नक्कल करणारा आमचा प्रोग्राम त्यांनीच सुरू केला. ते गेल्यापासून मी आणि हातानो तो सांभाळतो.

तोरीगोए नावाच्या माणसाची मागणी आली, तेव्हा मला तेच आठवलं. मेमरीतला आकडा बदलला की तो रंगाने दिसावा, आणि प्रोग्रामच्या कुठल्या ओळीने बदलला तेही शेजारी कळावं. उदाहरणाला त्याने मेमरीतलं नेमकं खेळाच्या घड्याळाचं घर दिलं होतं. खेळ कुणी सर्वांत कमी वेळात संपवला, याचे विक्रम त्याच घड्याळावर ठरतात.

कानाझावातल्या चहाच्या दुकानात हातानोने तो मजकूर माझ्यापुढे सरकवला. दुपारपर्यंत कुणाची निंदा करायची नाही, हा माझा नेम त्याला ठाऊक.

“बारा वाजून गेले, फुमिए-सान. आता बोला. चोर आहे ना?”

“वाटतं खरं तसं.”

“वाटतं काय! घड्याळाचाच पत्ता विचारतोय. उद्या तिजोरीचा विचारेल आणि म्हणेल, सहज!”

मी मजकूर पुन्हा वाचला. “अरे, पण आकडा बदलायची सोय आपल्या जुन्या खिडकीत आहेच. याला फक्त बघायचंय. चोराला नुसतं बघून काय मिळणार?”

“तुमच्या देव्हाऱ्यातल्या बुद्धाला विचारा,” तो म्हणाला. पण त्याचा कप हातातच राहिला.

पुढच्या रविवारी तोरीगोएला तिथेच बोलावलं. तो कोट न काढताच बसला.

“घड्याळच का?” मी विचारलं.

“माझी धाकटी बहीण, चिसाए. तिचा विक्रम, विक्रम नोंदवणाऱ्या मंडळाने खोडला. खेळताना घड्याळ दोन सेकंद मागे गेलं. म्हणाले, सुरुवातीलाच तिने मेमरीत काहीतरी पेरून ठेवलं होतं. तेव्हापासून ती खेळाचं नाव काढत नाही.”

“आणि तिने केलं नाही, अशी तुमची खात्री आहे?” हातानोने टोकलं.

“नाही ना! नवीन वर्षाला ती घरी येते, समोर बसून मोची, तो तांदळाचा चिकट गोळा, खाते, आणि मी तिच्या बोटांकडे बघत बसतो. घड्याळ खेळाच्याच ओळीने मागे नेलं असेल तर तसं दिसेल. हिने पेरलेल्या ओळीने नेलं असेल, तर तेही दिसेल.”

“तिला सांगितलंय?”

त्याने मान हलवली. नाही.

“खिडकी मी करून देते,” मी म्हटलं. “पण तिने दाबलेल्या बटणांच्या नोंदीवरून तिचा खेळ त्यात पहिल्यांदा लावाल, तेव्हा ती शेजारी हवी. पाठीमागून बघायचं नाही. तुम्हीही नाही, आम्हीही नाही.”

त्याने वाकून नमस्कार केला. “बोलावतो तिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला वाफाळता भात बुद्धापुढे ठेवला, उदबत्ती लावली आणि यंत्र उघडलं. चिसाएच्या खेळाची नोंद मंडळाच्या साठ्यात होतीच. एकदा बघावी, असं फार वाटलं. त्या नोंदीला हात न लावता मी चाचणीसाठी दुसराच खेळ काढला, आणि खिडकीची पहिली ओळ लिहायला घेतली.