लाँड्रीची व्हॅन आणि 'इतर' खर्च

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वर-खाली नेण्यात आख्खी नोकरी गेली, स्वतः मात्र कधी गावाची वेस ओलांडली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात, जेवता जेवता, "आपण एक जुनी व्हॅन घेऊ, आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय करू आणि फिरू," असं हे म्हणाले तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"समुद्र बघू," हे म्हणाले.

समुद्र! पायावर चार थेंब पडले तर ज्यांना सटासट शिंका येतात, ते समुद्र बघणार. मी हसले नाही, कारण मला तेव्हाच सगळं कळलं होतं. समुद्राच्या वाटेवर, सात तासांच्या अंतरावर, आमची मुलगी राहते.

पाच वर्षांपूर्वी तिने लग्न केलं. नवरा रोपवाटिका चालवतो, तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आधीचा एक संसार मोडलेला. ह्यांनी लग्नाला यायचं नाकारलं, आणि वर नको ते बोलून बसले. तीही ह्यांचीच लेक, तिने एकही शब्द खाली पडू दिला नाही. तेव्हापासून ती आमच्या घरी येत नाही आणि हे तिच्या घरी जात नाहीत. आधी फोन कोणी करायचा यावर घोडं अडलंय. मी दर मंगळवारी माझ्या शिवणाच्या दुकानातून तिच्याशी बोलते. ह्यांना ते माहीत आहे. ह्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे. मंगळवारी घरात पाऊल टाकलं की हे विचारतात, "काय, आज काही विशेष?" बाकी सहा दिवस मी मेले काय नि जगले काय, विचारायची पद्धत नाही.

तिची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची झाली होती. पिटुकली म्हणतात तिला. आम्ही तिला फोनच्या काचेपलीकडे बघितलं नाही. म्हणजे मी बघते, आणि फोन टेबलावर उघडा ठेवून उगाच पाणी प्यायला जाते, मग हे बघतात. तिच्या डोक्याला कसला वास येतो, ती झोपेत कुठल्या कुशीवर वळते, काही म्हणजे काही मला ठाऊक नाही. कधीकधी कुणाचा छोटा फ्रॉक दुरुस्तीला येतो आणि मशीनवर हात थांबतो. बसने मी केव्हाही गेले असते, तिकीट काय, दोन पडद्यांच्या शिलाईएवढं. पण मी एकटी गेले तर हे कायमचे मागे राहतील अशी मला भीती वाटायची. माझं जाणं-येणं सुरू झालं की ह्यांचं न जाणं घरात पक्कं झालं असतं.

म्हणून मला व्हॅनची युक्ती आवडली. तिच्या दारासमोर गाडी लावायची. तिच्या घरी उतरायचं नाही, तिचं पाणीसुद्धा मागायचं नाही, आपलं घर आपल्याबरोबर. असं हे बोलले नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात न बोललेलं जास्त ऐकू येतं.

वही आली. एका बाजूला ह्यांच्या फंडाची रक्कम आणि माझी शिलाईतली शिल्लक, दुसऱ्या बाजूला यादी: व्हॅन, पत्र्याला आतून लावायचा फोम, लाकडी जमीन, पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, बॅटरी, पंखा, फ्रीज, काचेची खिडकी, संडास. बेरीज बघून मी खुर्चीत बसले.

"व्हॅन नको, विमान घेऊ. स्वस्त पडेल," मी म्हटलं.

मग काटछाट. तीन दिवस आम्ही भांडलो, आणि खरं सांगते, कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. फ्रीज गेला, बर्फाचा डबा आला. काचेची खिडकी गेली, जाळीची आली. संडासावर मात्र मी अडून बसले.

"वाटेत पेट्रोल पंप असतात की," हे म्हणाले.

"सात तास पंपांच्या भरवशावर? तुमचं ठीक आहे हो, तुम्हाला झाडसुद्धा चालतं!"

शेवटी झाकणाच्या बादलीवर तडजोड झाली. सगळ्याला कात्री लागली, फक्त एका ओळीला ह्यांनी हात लावू दिला नाही. ती ओळ होती, 'इतर, चार फूट'.

"हे इतर काय?" मी विचारलं.

"फळी आहे. सामान ठेवायला."

"सामानाला गादी लागते?" कारण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गादी, दोन इंची'.

हे गॅस बंद आहे का बघायला आत गेले. मीही पुढे विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी लेकीला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, पिटुकलीचं डोकं दाराच्या कडीला लागतं का गं? ती म्हणाली, कडीच्या खाली चार बोटं. मला तेवढं पुरतं. मुलांचे कपडे बेतताना आम्ही वाढत्या अंगाला जागा ठेवतो, त्या हिशेबाने चार फूट म्हणजे पोरगी सात-आठ वर्षांची होईपर्यंत बिनघोर. ह्यांचा अंदाज बरोबर होता. कुठे बसून काढला होता कोण जाणे.

व्हॅन एका लाँड्रीवाल्याची मिळाली. त्याने धंदा बंद केला होता. आत साबणाचा वास अजून होता, आणि बाहेरच्या रंगाखालून 'कपडे' एवढं वाचता यायचं. फोम बसला, जमीन झाली. आणि तिथून पुढे गाडी हलेना. पैसे साठले की ह्यांना काहीतरी सापडायचं. आधी ब्रेक. मग टायर. मग वायरिंग, मग तीच वायरिंग पुन्हा. लिफ्टमध्ये आठ माणसांची परवानगी असली तर हे बारा माणसांचं वजन घालून तपासायचे, आणि तपासणी झाल्याशिवाय कुणाला आत पाय टाकू द्यायचे नाहीत. कामावर त्याबद्दल त्यांना मान होता. घरात त्याबद्दल मी डोकं आपटून घेत होते. दीड वर्ष असंच गेलं.

मग मीच घाई केली. हे गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते, तेवढ्यात मी टेप घेऊन व्हॅनमध्ये शिरले, मापं घेतली आणि सुताराला देऊन आले. पलंगाचा खोका, ओट्याचं कपाट आणि चार फुटांची ती फळी. वर छान पांढरा सनमायका. नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले. म्हटलं, तयार वस्तू समोर आली की हे काय करतील?

सुतार पंधरा दिवसांनी हातगाडीवर सगळं घेऊन आला. हे दारात उभे होते, मी खूश होते. पलंगाचा खोका व्हॅनच्या दारात अडकला. तिरका केला, अडकला. कपाट आत गेलं, पण भिंतीला बसेना.

सुताराने माझा कागद काढला आणि पुन्हा व्हॅन मोजली. "काकू, प्रत्येक बाजूला दीड इंच जास्त दिलंय तुम्ही. आणि ही भिंत पोटाला फुगलेली आहे, तुम्ही टेप तिच्या पोटावरून फिरवलाय."

तीस वर्षांची सवय हो! शिवणीला कापड सोडल्याशिवाय माझा हात मापच लिहीत नाही. आणि टेप मी कायम अंगावरूनच फिरवत आले.

"लाकूड आत दुमडता येत नाही, काकू," सुतार म्हणाला आणि हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळं खोलायचं, कापायचं, सनमायका नव्याने, मजुरी नव्याने. त्याने आकडा सांगितला. वहीत तेवढे नव्हते.

आता हे ओरडणार म्हणून मी वाट बघत राहिले. हे ओरडले नाहीत. त्यांनी खोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. होतं असं. सहा महिने थांबू आता. घाई कुठे आहे आपल्याला?"

आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला. शीळ वाजवत.

तो चेहरा मी ओळखते. दात काढायला गेलं आणि डॉक्टर आज आलेच नाहीत असं कळलं की होतो ना, तसा. हा माणूस सुटला होता. माझे सगळे पैसे पाण्यात गेले होते आणि हा माणूस खूश होता!

माझं टाळकंच सरकलं.

"तुम्हाला जायचंच नाहीये," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं. "ब्रेक नाही, टायर नाही, पैसा नाही. तुम्ही घाबरलाय. दीड वर्ष मला वहीत गुंडाळून ठेवलंत!"

"हळू बोल, सुतार आहे बाहेर."

"ऐकू दे की! त्यालाही कळू दे. पोरगी चार वर्षांची झाली तिकडे. तुमचं बजेट पुरं होईपर्यंत तिच्या लग्नाचं आमंत्रण येईल, आणि तेही आपल्याला येणार नाही!"

शीळ थांबली होती. चहा उतू गेला, तो ह्यांनी पुसलाही नाही.

"तिने दारच नाही उघडलं तर?" हे म्हणाले. "आत्ता निदान जायचं तरी आहे. तिने दार नाही उघडलं तर मग काय करायचं गं मी? परत सात तास गाडी कशी चालवायची?"

माझा राग तिथेच विरघळला. पण मी तो चेहऱ्यावर तसाच ठेवला, कारण तो उतरलेला दिसला असता तर ह्यांनी आणखी सहा महिने मागितले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची घरातली गादी उचलली आणि व्हॅनच्या मोकळ्या जमिनीवर टाकली. पाण्याचा कॅन, छोटी शेगडी, पाव, उकडलेली अंडी, झाकणाची बादली. झाली सोय.

"चला."

"अगं, पण एकदा तपासणी..."

"बत्तीस वर्षं तपासलंत. बसा."

सात तासांचे साडेनऊ झाले. चाळीसच्या वर काटा नाही. सायकलवाले मागे वळून बघत होते. सुरुवातीला हे इंजिनाचे आवाज मला समजावून सांगत होते, तिचं गाव जवळ आलं तसे गप्प झाले. घर शोधायला लागलं नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंड्यांच्या रांगा होत्या. ह्यांनी समोरच्या कडेला गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग धरून बसले.

"तू जा. मी गाडी बघतो."

"गाडी कोण नेणार आहे? आहे काय तिच्यात?"

हे हलले नाहीत. मी एकटीच रस्ता ओलांडला.

दार लेकीनेच उघडलं. कोपरापर्यंत माती, केस अर्धवट बांधलेले, आणि बारीक झालेली. पुढची दोन मिनिटं मी सांगणार नाही. मग माझ्या खांद्यावरून तिचं लक्ष पलीकडे गेलं.

"बाबा?"

"गाडीत आहेत."

"बरं नाहीये का?"

"धडधाकट आहेत. उतरत नाहीत."

"मग बोलाव ना त्यांना."

"साडेनऊ तास मी बोलावत आणलंय. माझं काम संपलं. आता तू बोलाव."

ती उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. हनुवटी वर केलेली, अगदी ह्यांच्यासारखी. मला वाटलं, झालं, संपलं, आता अंडी खात परत जायचं. इतकी जवळ येऊन मला माघारी जाणं सोसलं नसतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. तेवढ्यात तिने हात अंगातल्या कपड्यांना पुसले आणि रस्त्यावर उतरली.

ती ह्यांच्या खिडकीशी गेली नाही. मागे गेली आणि व्हॅनचं सरकतं दार दोनदा ठोठावलं. हे दचकलेले मला इथून दिसले. मग दोन सीटच्या मधून मागे गेले आणि दार सरकवलं. हे छताखाली वाकून उभे, ती खाली रस्त्यावर.

"आत येऊ?" तिने विचारलं.

ह्यांनी मागे वळून बघितलं. उघड्या भिंती, जमिनीवरची गादी, कॅन, बादली.

"अजून काहीच झालेलं नाही गं आत," हे म्हणाले. "सहा महिने तरी लागतील."

"लागू देत. सरका," ती म्हणाली आणि मातीच्या चपलांसकट आत चढली.

माझा पदर कोणीतरी ओढला. खाली पिटुकली उभी होती, आता कडीच्या वर दोन बोटं.

"आई कुठे गेली?"

"माहेरी," मी म्हटलं.

तिने रस्त्यापलीकडे नीट बघून घेतलं.

"मला पण जायचंय," ती म्हणाली.