खजुराचे लाडू

माझ्या सासूच्या हाताला जी चव होती ती मला कधी आली नाही. हे मी आता मोकळेपणाने सांगते. ती होती तोवर कधी तोंडातून काढलं नाही. तिचं नाव कोंडी. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर तिचं घर. दिवाळीत तिच्या हातचा मोहाचा लाडू खायला खालच्या पाड्यावरची माणसं काही ना काही निमित्त काढून चढून यायची.

लाडू ती पंधरा दिवस आधीच करून ठेवायची. आमच्याकडे दिवाळी येते ती भातकापणीत. दिवसभर शेतात वाकून आलेली बाई सणाच्या दिवशी चुलीपुढे किती बसणार? चैत्रात वेचून वाळवलेली मोहाची फुलं कणगीत असायची. ती मंद आचेवर भाजायची, खुरासणी, म्हणजे कारळे, भाजायची, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ भाजायचं, आणि सगळं उखळात कुटायचं. फुलांचा गोडवा आणि खुरासणीचं तेल, एवढ्यावर तिचा लाडू वळला जायचा. गूळ घालणाऱ्या बाईला ती आळशी म्हणायची. मी खोडाळ्याची, चौथी शिकलेली, आणि गूळ घालणारी.

लाडू मडक्यात भरून, तोंडाला पळसाचं पान बांधून मडकं शिंक्यावर चढलं की कोणी हात लावायचा नाही. दिवाळीला पहिला लाडू पूर्वजांचा. तो पानावर ठेवायचा मान आमच्या पाड्यात सासूचा. पाचही घरांचा वाटा तिच्याच हातून जायचा. त्याच्या अटी दोनच. वाटा ठेवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर हवं, कारण डोकं फिरलेल्याच्या हातचं पूर्वज घेत नाहीत. आणि ते मडकं उघडं असताना खोटं बोलायचं नाही. दुसरी अट मला तेव्हा पोरखेळ वाटायची.

माझ्या नवऱ्याचं नाव जिवा. ते होते तोवर मी कधी नाव घेतलं नाही, आता घेते. जव्हारच्या संस्थानात ते कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि आम्ही मुंबई सरकारचे झालो, तेव्हा त्यांना मोखाड्याच्या कचेरीत घेतलं, पण हंगामी. दोन वर्षं आम्ही त्या ‘हंगामी’ शब्दावर झोपत होतो आणि उठत होतो. कायम झाले तर मोखाड्याला बिऱ्हाड, पोरांना शाळा. नाही झाले तर परत पोशेऱ्याचा चढ आणि उखळ. मला उखळ नको होतं. माझा स्वार्थ मी लपवत नाही.

त्या वर्षी दारूबंदीचा कायदा आला आणि त्याच्या मागोमाग मोहाच्या फुलांवर बंधन आलं. किती शेर फुलं घरात चालतात, परवाना कोणाला लागतो, हे पाड्यावर येऊन कोणी सांगितलं नाही. माणसांना एवढंच कळलं की फुलं सापडली की कोर्ट. आम्ही दोघं मुद्दाम पोशेऱ्याला गेलो. हे आईला म्हणाले, “आय, कणगीतली फुलं टाकून दे. घरात एक फूल ठेवू नको. माझे कागद साहेबाच्या टेबलावर आहेत.”

सासूने कणगीकडे पाहिलं, मग मुलाकडे. “फुलं नाय ठेवायची?”

“एकसुद्धा नाही.”

“बरा,” ती म्हणाली.

दिवाळीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कणगी रिकामी होती, झाडून पुसून स्वच्छ. आणि शिंक्यावर एका मडक्याऐवजी चार मडकी. ह्यांनी कपाळाला हात लावला. “आय, हे काय केलंस?”

“फूल ठेवू नको बोललास. नाय ठेवला.” ती अगदी समाधानाने बोलली. “खायची चीज टाकतात का रं कोनी?”

तिच्या मते तिने सरकारचं ऐकलं होतं. फूल होतं तोवर फूल. भाजलं, कुटलं, वळलं की तो लाडू, आणि पूर्वजांच्या लाडवाला कोण अडवणार? खरं तर मला तेव्हाच ती मडकी ओढ्यात रिकामी करायची होती. पण पूर्वजांचा वाटा अजून जायचा होता. त्या संध्याकाळी तिने तो ठेवला, पाचही घरांची नावं घेत, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं काही धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारूबंदीचा जमादार आणि दोन शिपाई पाड्यावर आले. सणात दारू सापडते असा त्यांचा हिशेब. पंचनामा लिहायला माणूस हवा म्हणून जमादाराने ह्यांनाच सोबत घेतलं. “तुम्ही इथलेच, बरं झालं,” म्हणाला. हे कागद आणि टाक घेऊन आपल्याच पाड्यात घरोघर फिरले. चार घरं झाली, काही निघालं नाही. पाचवं आमचं. मागोमाग सगळा पाडा अंगणात जमला, आमचा भगत सोम्यासुद्धा.

शिपायाने कणगीत डोकं घातलं. रिकामी. माळा बघितला, चुलीमागे बघितलं. शिंक्याकडे त्याने मान वर करून पाहिलं, पण सणाच्या घरात शिंक्यावर मडकी असायचीच. ते निघाले. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

आणि सासूने मडकं खाली काढलं.

सणाच्या दिवसात आलेला माणूस गोड खाल्ल्याशिवाय जात नाही, एवढंच तिला ठाऊक. तिने पळसाच्या पानावर तीन लाडू ठेवून जमादारापुढे धरले. तो देशावरचा माणूस, वाईट नव्हता. अंगणातच बसला, एक खाल्ला, दुसरा उचलला. “वा, आजी! काय घातलंय यात?”

हे कागदाकडे बघत राहिले. मग मीच बोलले. “खजूर, साहेब.”

“खजूर कसला?” सासू माझ्याकडे वळली. तिला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. “मोह हाय साहेब. आमच्या झाडाचा. चैतात म्या येचला.”

मडकं तिच्या मांडीवर उघडं होतं.

जमादाराने अर्धा लाडू हळूच पानावर ठेवला. तो सासूकडे बघत नव्हता, ह्यांच्याकडे बघत होता. “ही तुमची आई ना?” त्याने आवाज उतरवला, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. “मोह असेल तर मला लिहावं लागेल. म्हणजे तुम्हालाच लिहावं लागेल. तुमचे कागद कुठे अडकलेत ते मला माहीत आहे.” मग त्याने विचारलं, “म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

तो वाट काढून देत होता. ते मला कळलं, ह्यांनाही कळलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणून टाका’ अशी मी मान हलवली. ती मान मी हलवली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करून करून मी म्हातारी झाले.

“नाही साहेब,” हे म्हणाले. “बाप गेल्यापासून तिचं डोकं फिरलंय. काहीबाही बोलते.”

सासूने मुलाकडे पाहिलं. पळसाचं पान नीट ओढून तिने मडक्याचं तोंड बांधलं.

ह्यांनी कागदावर लिहिलं, काही मिळून आलं नाही. जमादाराने जाताना पोरांसाठी म्हणून दोन लाडू रुमालात बांधून घेतले.

पौषात हे कायम झाले. मोखाड्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. मी आनंदाने सारवलं, रांगोळी काढली, आणि आम्ही दोघं सासूला न्यायला पोशेऱ्याला गेलो. ती आली नाही. तेव्हाच पारू शेजारणीने सांगितलं की पाड्यावर कोणी तिला आता कशाला बोलावत नाही. बारशाला नाही, नव्या भाताच्या वाट्यालाही नाही. ह्या वर्षी नव्या भाताचा वाटा पारूनेच ठेवला होता, आणि सांगताना ती ओशाळली होती.

हे तडक सोम्या भगताकडे गेले. मी बरोबर होते. “सोम्यादा, आयचं डोकं ठिकाणावर आहे. ते मी नुसतं बोलण्यापुरतं बोललो.”

सोम्या नागली निवडत होता. “तू सरकारात कामाला. चार मानसांत, सायबासमोर बोललास. आमी काय तुला खोटा म्हनू?”

“खोटंच बोललो होतो.”

“मग चल. सायबासमोर बोललास ना, त्याच्यासमोर बोल. आमी सगले येतो अंगनात.”

ह्यांनी हात खिशावर ठेवला. कायमचा कागद त्यात होता. तो दाखवायला म्हणून आणला होता. मग आम्ही उतरून आलो. पुढे त्या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही.

पुढच्या दिवाळीला सासूच्या हातचा लाडू पूर्वजांना चालणार नव्हता. पाच घरांनी मलाच सांगितलं, तू कर, तूच वाटा ठेव. मी मोखाड्याच्या बाजारातून खजूर आणला. बिया काढल्या, खुरासणी भाजली, नागली भाजली, त्याच उखळात कुटलं. गूळ घातला नाही. पंधरा दिवस आधी करून मडकं शिंक्यावर चढवलं, अगदी तिच्यासारखं. पूर्वजांच्या पानावर पहिला लाडू मी ठेवला. सासू बाहेर अंगणात, भिंतीला टेकून बसली होती. आत यायला तिला कोणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही.

मग मी मडकं घेऊन तिच्यापाशी गेले आणि लाडू तिच्या हातावर ठेवला. तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला.

“काय घातलास?”

“खजूर, आय.”

ती मडक्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. उरलेला लाडू तिने माझ्या तळहातावर परत ठेवला आणि माझी बोटं मिटली.

“हां,” ती म्हणाली. “आता खरा बोललीस.”