खोट्या गाठींची पेटी

मित्रांनो, दचकू नका. मी शवपेटी आहे खरी, पण रिकामी. माझ्यात आजवर एकही माणूस झोपलेला नाही, आणि माझी सगळी तक्रार तीच तर आहे.

तुम्हाला वर्गात शिक्षा म्हणून बाकावर उभं करतात ना? तास संपला की तुमची सुटका होते. माझा जन्म आडवं पडण्यासाठी झाला आणि सारं तारुण्य भिंतीला टेकून उभं राहण्यात गेलं. त्यामुळे मला अजून एका जागी चैन पडत नाही. ऊन आलं की मी कुरकुरते, वारा आला की कडकडते, आणि कुणी जवळून गेलं की उगाच हलते. लोक म्हणतात, लाकूड आहे, हवामानाने होतं. हवामान कसलं! मी अस्वस्थ आहे.

मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बनवलं. खाली त्याचा कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, मध्ये टेबल, भिंतीवर करवती आणि कोपऱ्यात सरसाचं भांडं, ते सदा कोमट. मिस्त्रीचा हात असा, की त्याने केलेलं कपाट बंद केलं की खोलीतल्या माणसांच्या कानांना दडे बसायचे. खोटं वाटतंय? मग हे ऐका. माझं झाकण पहिल्यांदा बसवलं तेव्हा एक माशी आत राहिली. झाकण पुन्हा उघडलं तोवर ती पणजी झाली होती आणि सगळं खटलं घेऊन बाहेर पडली. मिस्त्रीने त्यांना मोजलं नाही, नाहीतर मी आकडाही सांगितला असता.

पण या हुशार हाताला पोटासाठी काम करावं लागलं ते भलतंच. गावातल्या सगळ्या शवपेट्या तोच करायचा, आणि सार्वजनिक दफनभूमीच्या फाटकावर नियमांची पाटी होती. पेटी लवकर कुजणाऱ्या लाकडाची हवी. फळी पातळ हवी. पॉलिश नको, पत्र्याचं अस्तर नको, पितळी मुठी नकोत, दोरीच्या चालतील. कारण सरळ होतं. गाव मोठं, जमीन लहान. काही वर्षांनी पेटीची माती व्हायची, आणि मग त्याच जागी त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला ठेवता यायचं. न कुजणारी पेटी आणली तर तिची रवानगी थेट मागच्या भिंतीलगत, सिमेंटच्या कप्प्यात. तिथे प्रत्येकाचा कप्पा वेगळा. शेजारी कोण येईल याचा नेम नाही.

म्हणून मिस्त्री जन्मभर खोक्याच्या लाकडाच्या पेट्या ठोकत राहिला. पांढरं, हलकं, गाठाळ लाकूड. रंधा मारला की भुसा व्हायचा. तो ठोकायचा आणि पुटपुटायचा, "कुजण्यासाठी काम करतोय मी. कुजण्यासाठी!"

मग त्याची बायको गेली. तिची पेटीही त्यालाच करावी लागली, तीही घाईत, डोळे पुसत पुसत. ती बंद केल्यावर त्याला दिसलं, की एका बाजूला दोन फळ्यांमध्ये फट राहिली आहे. करंगळीचं नख जाईल एवढी. उघडून नीट करायला वेळ नव्हता, माणसं दारात उभी होती. पेटी गेली, आणि ती फट मिस्त्रीच्या डोक्यात राहिली. वर्षं गेली तरी जेवताना तो मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "पाणी गेलं असेल गं आत."

त्याची मुलगी आता कारखाना चालवायची. ती म्हणायची, "बाबा, भात गार होतोय."

त्या फटीपायी मी जन्माला आले. मिस्त्रीने ठरवलं, निदान आपली पेटी तरी अशी करायची की पाण्याच्या बापालाही आत शिरता येणार नाही. त्याने कुठूनतरी सागवानी फळ्या आणल्या. त्या आधी एका बँकेच्या काउंटरच्या होत्या. त्यामुळे "उद्या या" म्हणायची सवय माझ्या लाकडातच मुरलेली आहे. त्याने माझे कोपरे बोटांत बोटं गुंफावीत तसे जुळवले. आत एक खिळा नाही. काम झाल्यावर त्याने माझ्यात बादलीभर पाणी ओतलं आणि खाली कोरडा कागद पसरला. कागद कोरडाच राहिला. तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता, की मित्रांनो, तसं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मुलगी जिन्यात उभी होती. "छान झालीये. पण आत घेणार नाहीत."

"कोण नाही म्हणतंय बघतो."

"मागच्या भिंतीला ठेवतील तुम्हाला, बाबा. आई एकीकडे, तुम्ही दुसरीकडे."

"त्यांना कळलं तर ना!"

आणि मित्रांनो, त्याने काय केलं माहीत आहे? लबाड सुतार हलक्या लाकडाला रंग लावून सागवान म्हणून खपवतात. माझ्या म्हाताऱ्याने उलटं केलं! त्याने मला चुन्याचं पाणी पाजून पांढरंफटक केलं. वरून पिवळट हात दिला. सळई तापवून अंगभर गाठींचे डाग दिले, आणि वाकडे खिळे ठोकले, नुसते दाखवायला. राजकन्येला चिंध्या नेसवाव्यात तसा माझा थाट झाला. मी चरफडत उभी राहिले.

स्वतःसाठी आधीच करून ठेवलेली पेटी दाखवून घ्यावी लागते, म्हणून दफनभूमीच्या व्यवस्थापक मॅडम एका सकाळी स्वतःच आल्या. हातात छत्री, पायात चिखलाचे बूट. बोलणं मऊ, नजर मात्र रंध्याच्या पात्यासारखी. त्या माझ्याभोवती एकदा फिरल्या, दुसऱ्यांदा फिरल्या. मग एक टोक उचलायला गेल्या, ते उचलेना.

"जड आहे हो."

"ओली आहे," मिस्त्री म्हणाला. "पावसात राहिली."

"पाऊस कुठे पडलाय?"

"पलीकडच्या गल्लीत पडला."

मुलीने तोंडावर पदर धरून खोकल्याचं सोंग केलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या अंगावर बोट ठेवलं आणि एका गाठीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर नेलं.

"मिस्त्री, या गाठी एका ओळीत कशा आल्या?"

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून खिशात लपवली.

"आणि सगळ्यांमधलं अंतर सारखं. खिळे वाकडे आहेत, पण सगळे एकाच बाजूला वाकडे, एकसारखे. असं लाकूड मी तरी पाहिलं नाही."

बिचारा! त्याने खोटेपणासुद्धा पट्टी लावून केला होता. ढिसाळपणा करायला बसला आणि तिथेही हात सुबकच पडला. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

मॅडम स्टुलावर टेकल्या. "पेटी सुंदर आहे. मी थट्टा करत नाही. पण मी हिला तिथे जाऊ दिलं तर उद्या प्रत्येक जण न कुजणारी पेटी आणेल, आणि मग नवऱ्याशेजारी बायको आणि आईशेजारी लेक ठेवायला मला जागा उरणार नाही. तुम्हाला ही पेटी हवी तर मागच्या भिंतीचा कप्पा देते. तुमच्या मंडळींजवळ जायचं असेल तर खोक्याचं लाकूड. दोन्ही नाही जमणार. ठरवा."

"मी आयुष्यभर कुजक्या पेट्या केल्या, मॅडम."

"म्हणून तर गावातली माणसं एकमेकांजवळ आहेत," त्या म्हणाल्या आणि छत्री घेऊन गेल्या.

त्यानंतर आम्हा दोघांनाही चैन पडेना. मिस्त्री खोलीत येरझाऱ्या घालायचा, मी भिंतीशी कुरकुरायचे. तो मला टिचकी मारायचा, पुढे जायचा, परत येऊन टिचकी मारायचा. मी मनाशी ठरवलं, आपणच कुजून दाखवायचं! नियम कुजण्याचाच आहे ना? मग बघूच. मी पागोळ्यांच्या बाजूला कलू लागले. सरसाच्या भांड्याची वाफ अंगावर घेतली. शेवटी वाळवीला आमंत्रण दिलं. वाळवी आली, तिने एक घास घेतला आणि तोंड वाकडं करून परत फिरली. जाताना तिची राणी म्हणाली, "बाई, आमचे दात उसने आणलेले नाहीत." शपथेवर सांगते, अस्सं म्हणाली! इतकी धडपड करूनही माझा एक सांधा सैल झाला नाही.

मिस्त्री मात्र सैल होत चालला होता. जिना चढताना मध्ये थांबायचा. करवत अर्ध्यावर सोडून टेकायचा. आता ठरवायला फार दिवस उरले नव्हते, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एका दुपारी तो खाली आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते खोक्याचं लाकूड काढ."

मुलीने काही न विचारता फळ्या काढल्या. तो मोजायचा, ती कापायची. तो ओरडायचा, "सरळ! सरळ काप! कुणाच्या हाताखाली शिकलीस?" ती म्हणायची, "एका चिडक्या म्हाताऱ्याच्या." मला ते सगळं उभ्याउभ्या बघावं लागलं. ती पांढुरकी, गाठाळ, बावळट पोर माझ्यादेखत टेबलावर आडवी पडली. हो, आडवी! माझा किती जळफळाट झाला असेल, तुम्हीच विचार करा.

शेवटची फळी बसली आणि मिस्त्री खाली वाकला. कुशीला फट होती. करंगळीचं नख जाईल एवढी.

"सरस आण," तो म्हणाला. "भुसा कालव त्यात. बुजवून टाकू."

मुलगी हलली नाही.

"अगं, ऐकू येतंय का? फट राहिलीये."

"राहू दे."

"पाणी येईल आत."

"येऊ दे."

"माती येईल!"

"येऊ दे ना, बाबा." तिने सरसाचं भांडं उचलून पाठीमागे धरलं, लहान मुलं खाऊ लपवतात तसं. "आई आता त्या मातीतच आहे. तुम्ही सगळी दारं लावून बसलात तर तिने आत यायचं कुठून?"

मित्रांनो, त्या क्षणी मीसुद्धा कुरकुरायची थांबले.

मिस्त्री स्टुलावर बसला. मग त्याने बोटाने तिची कड चाचपली, खिशातून पॉलिशचा कागद काढला, आणि फट न बुजवता तिच्या दोन्ही कडा घासून गुळगुळीत केल्या. कुणाला आत येताना खरचटू नये म्हणून.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी पेटीचं टोक एका हाताने उचललं, फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "चालेल."

"मला उभ्या आयुष्यात वाईट कामाबद्दल कुणी शाबासकी दिली नव्हती," मिस्त्री म्हणाला. या वेळी मॅडम हसल्या.

पुढे थोड्याच दिवसांत तो गेला. चार माणसांनी ती पेटी सहज उचलली; मला उचलायला आठ लागली असती आणि त्यातली दोन वाटेत बसली असती. ती दारातून बाहेर पडली, गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी खिडकीतून बघत होते. लोक परत आले तेव्हा मुलीच्या बुटांना माती होती. ती तिने दोन दिवस झटकली नाही. मिस्त्री त्याच्या बायकोच्या जागी पोचला होता, मागच्या भिंतीला नव्हे.

आता मी कारखान्याबाहेर, रस्त्याच्या कडेला असते. मुलीने मला शेवटी आडवं केलं, झाकण ठोकून बंद केलं आणि माझा बाक केला. पेटी सांगायला आलेली माणसं माझ्यावर बसतात. त्यांचीही चुळबुळ चालू असते. कुणी रुमाल पिळतं, कुणी उठून पुन्हा बसतं. हातून घाईत काय राहून गेलं, तेच प्रत्येकाच्या डोक्यात असतं. मुलगी त्यांना चहा देते, मापं विचारते. लाकूड हलकं का, असं कुणी रागाने विचारलं तर ती भांडत नाही. बाहेर येऊन त्यांच्या शेजारी, माझ्यावर बसते.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. मी तसं सांगणार नाही. मला कुणी पुसू नका. ओल्या छत्र्या माझ्यावर ठेवा, चहा सांडा, कंपासच्या टोकाने नावं कोरा. मातीकडे जायचा रस्ता माझ्यासाठी फार लांब आहे, तेवढीच मदत होईल. जपायचंच असेल तर माझ्यावर बसलेल्या माणसाला जपा. त्याच्या शेजारी येऊन बसा. काय बोलावं सुचलं नाही तर बोलू नका. नुसते पाय हलवत बसा आणि टाचा माझ्या अंगावर जोरात आपटा. मला लागत नाही.