चारीपुढची लिंबं

२००३च्या जानेवारीत पुसेगावच्या शिवारातल्या कालव्यातून लिंबं वाहत आली. पिवळी, टपोरी, एकामागं एक. वरच्या सगळ्या शेतांपुढून ती सरळ निघून आली आणि दगडोबाच्याच शेतात पाणी नेणाऱ्या चारीच्या तोंडाशी गोल फिरत बसली.

गव्हाला शेवटचं पाणी हवं होतं आणि पाळी आजचीच होती. तरी दगडोबानं चारीचं तोंड पोत्यानं बुजवलं. वरच्या अंगाला चुलतभाऊ विजयकुमारचं शेत. आणखी पुरावा लागला नाही.

"करणी केली मुडद्यानं!"

तेवढ्यात काठाकाठानं, हातात घड्याळ धरून प्रज्ञेश आला. सेनगावचा, इंजिनिअरिंगच्या वरच्या वर्गात शिकणारा.

"लिंबं माझी हायेत, मामा."

"विजयकुमारनं धाडलं व्हय तुला?"

"न्हाई, कॉलेजनं."

पाणी कसं वळतं, भोवरे कुठं होतात, याचं गणित त्यानं कॉम्प्युटरला घातलं होतं. खरं पाणी तसंच वागतं का, हे बघायला लिंबं सोडली होती. लिंबू अर्धं बुडतं, वाऱ्यानं भरकटत नाही.

"म्हंजे तुझाबी कॉम्प्युटरवर भरोसा न्हाई."

"तपासावं लागतं, मामा."

"पर लिंबूच काहून?"

"आमच्या घरी लिंबू पोह्यावर पिळतेत. दुसरा उपयोग ध्यानातच आला न्हाई."

बांधावर उभी असलेली दगडोबाची बायको पार्वतीबाई हसली. दगडोबा हसला नाही.

प्रज्ञेश फिरणाऱ्या लिंबांकडं बघत राहिला. आता शंका त्याला आली. "कॉम्प्युटरात इथं भोवरा न्हाई. तळाला कायतरी असंल." तो पँट दुमडू लागला.

दगडोबाचा चेहरा उतरला. पाणी आपल्या चारीत चढावं म्हणून तिथं त्यानंच दगड रचले होते. खालच्या शेतांना त्यामुळं पाणी कमी पडायचं. त्याला तो त्यांचं नशीब म्हणायचा.

"उतरू नको! करणी हाय!"

"मंग हे पाणी गव्हाला घेऊ नका," पार्वतीबाई म्हणाली. "आन् करणी नसंल, तर उतरू द्या लेकराला."

दगडोबानं दोन्ही वाटा पाहिल्या. एकीत गहू वाळत होता, दुसरीत दगड निघत होते. शेवटी त्यानंच वाकून लिंबं काढली, बांधावर भिरकावली आणि पोतं ओढलं. पाणी गव्हात शिरलं.

"करणी लिंबात असती, पाण्यात नसती," त्यानं जाहीर केलं.

प्रज्ञेशनं काठावरूनच काठी खुपसली. ठक्क वाजलं.

"दगड हायेत, मामा."

"विजयकुमारनं टाकले असतील."

"पर ह्या दगडांनी पाणी तुमच्याच चारीत चढून राहिलं की!"

"तेच तर!" दगडोबा आवाज खाली आणून म्हणाला. "काहून चढवून राहिला असंल, सांग बरं?"