मर्विनचा पहारा

माझा धाकटा भाऊ मर्विन नाताळाआधी बाइकच्या अपघातात गेला. त्याने जिवंतपणी दिलेली एक किडनी मात्र दीड वर्षापासून माझ्या पोटात आहे. तिच्यासोबत त्याच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशीही मला दिल्या होत्या. त्या माझ्या हाडांत रुजल्या की शरीर किडनीला परकं मानणार नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. हळूहळू! मला तो शब्दच सोसत नाही.

मर्विनला पुरून आल्यावर तर त्या गोळ्या घशाखाली उतरेनात. माझं शरीर सख्ख्या भावाला अजून परका समजतं, याची ती रोजची कबुली होती. लाज वाटायची मला.

आमच्या भुईगावात ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुणी मटण सोडतं, कुणी दारू. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतली आणि मी गोळ्या सोडल्या. युजीनला, माझ्या नवऱ्याला, पत्ता लागू दिला नाही. गोळी गुपचूप बेसिनमध्ये जायची.

पाच आठवडे मी ठणठणीत होते. मग तपासणीला गेले. डॉक्टर रिपोर्ट दोनदा वाचून म्हणाले, "किडनी फर्स्ट क्लास आहे. पण लॅबवाल्याने फोन केला होता. बाईच्या नावावर पुरुषाचं रक्त का पाठवलंत, म्हणाला."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी तुमच्या रक्तात भावाच्या पेशी तिसरा हिस्सा होत्या. आता तुमच्याच शोधाव्या लागल्या."

मला इतका आनंद झाला की मी हसलेच. मर्विन होता! डॉक्टर हसले नाहीत.

"गोळ्या घेताय ना?"

मी खरं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"लिडिया, आता तुमच्या अंगात प्रतिकारशक्तीचा पहारा सगळा त्याचा आहे. स्वतःची किडनी तो ओळखतो. बाकी शरीर त्याला परकं वाटलं तर तो त्या शरीरावरच उठेल. हात दाखवा बघू."

तळवे लालभडक होते. बारीक पुरळही आलं होतं. मी म्हणत होते, उन्हाने झालं असेल. मर्विनने लहानपणी मला कधी साधी चापटही मारली नव्हती.

"आजपासून मोठा डोस," डॉक्टर म्हणाले. "त्याला आवरायलाच हवं."

घरी येऊन युजीनला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "घे गं, लिडिया. माझ्यासाठी घे."

मर्विनचं या जगात एवढंच काही जिवंत उरलं होतं. ते दाबून टाकणारी गोळी मी जिभेवर ठेवली आणि गिळली.