भट्टीत मिरच्या होत्या

मी एक मुलामा आहे, क्रोमचा. लेस्कोवात्स गावात राडिशाच्या कारखान्यात, आंबट वासाच्या हौदात, विजेच्या जोरावर मी एका पोलादी पिनेच्या अंगावर चढलो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची ती पिन झिजली होती. ट्रॅक्टरचा मालक वुकोमान, राडिशाचा धाकटा भाऊ.

मी जन्मतःच कडक. कानस घासा, ओरखडा उठणार नाही. पण हा कडकपणा सुखाचा नाही हो! आतून मी सतत ताणलेला असतो. त्यातून हौदातला हायड्रोजन वायू माझ्याबरोबर पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. म्हणून हौदातून काढल्याबरोबर आम्हाला भट्टीत बराच वेळ शेकावं लागतं, म्हणजे तो वायू निघून जातो. राडिशाला हे पक्कं ठाऊक होतं.

पण हंगाम होता. हंगामात आमच्या गल्लीतल्या बायका आयवारच्या चटणीसाठी लाल मिरच्या त्याच भट्टीत भाजतात. त्या दिवशी राडिशाची बायको स्तामेना भट्टीपाशी ठाण मांडून बसली होती.

"जरा बाजूला हो, पिन शेकायचीय," राडिशा म्हणाला.

"मिरच्या अर्ध्या कच्च्या आहेत. भट्टी उघडून तर बघा! लोखंड काय नासतंय?"

वुकोमान हसला. "वहिनीच्या मिरच्यांपुढे आपलं कोण ऐकणार! दे दादा, उद्या माल बाजारात न्यायचाय. बघ, कशी नवरदेवासारखी चमकतेय!"

राडिशाने मला फडक्याने पुसलं आणि भावाच्या हातात दिलं. मला ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त चमकता येतं.

दुसऱ्या दिवशी चढावर ट्रॉलीची मागची फळी सुटली. वुकोमान ट्रॅक्टर थांबवून ती बांधायला मागे गेला. सगळा भार आमच्यावर आला. पिन वाकली नाही, कुरकुरली नाही, कट्‌कन तुटली. ट्रॉली मागे आली. रस्ताभर मिरच्या पसरल्या आणि त्यांच्याखाली वुकोमान होता. तो वाचला नाही.

अर्धी पिन राडिशाने उचलून आणली. स्तामेनाने त्या वर्षीच्या बरण्या उघडल्याच नाहीत. आता ती भट्टीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, गल्लीतल्या बायकाही येत नाहीत.

मी अजून तसाच लखलखतो, याची मला लाज वाटते. हंगाम आला की राडिशा भट्टी पेटवतो, मला एकट्याला आत ठेवतो आणि दाराशी बसून राहतो. माझ्यातून निघून जाण्यासारखं आता काही उरलेलं नाही. कुणीतरी त्याला सांगा हो, म्हणावं, पुरे झालं, काढ त्याला बाहेर.