बोअरवरचा पोकळ खडक

मी एक जुना खडक आहे, पण खरा नव्हे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर तुमच्यातलंच कुणीतरी टकटक करून बघायचं आणि माझी फजिती व्हायची.

माझा जन्म सोलापुरातला, अक्कलकोट रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. धोंडीराम गवंड्यानं सळया वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर जाळी बांधली आणि सिमेंटचा गिलावा थापला. गिलावा ओला असतानाच चुरगळलेली प्लास्टिकची पिशवी दाबून दाबून त्यानं माझ्या अंगावर सुरकुत्या उमटवल्या. मग काळा रंग दिला. "आता देवानंबी वळकू नये!" असं म्हणून तो हात धुवायला गेला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

शहरातल्या जुळे सोलापूर भागात महेश्वर आणि श्रीदेवी यांच्या बंगल्यापुढच्या बागेत बोअरचा पाईप उघडाच उभा होता. तो झाकायला मला आणलं. पाहुणे यायचे, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. श्रीदेवी रोज मला पाण्यानं न्हाऊ घालायची. पण सोलापूरचं ऊन कुणाची गय करत नाही. माझा रंग विटला, शेवाळ वाळून गेलं आणि हळूहळू माझ्याकडं बघायचंही सगळे विसरले.

एका दसऱ्याला महेश्वरचे आईवडील, सुंदरम्मा आणि चनबसप्पा, मंद्रूपहून कायमचे इथं राहायला आले. त्यांचं रान नव्या रस्त्यात गेलं होतं. मला बघून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. जवळ येऊन त्यांनी हौसेनं माझ्यावर काठी टेकवली. डब्ब!

"अगं, पोकळ हाय की ह्यो!"

"शोभेचा आहे मामा, बोअर झाकायला," श्रीदेवी म्हणाली.

"उभा जन्म रानातली दगडं येचून बांधावर टाकली मी. आन तुमी इकत आनता? त्योबी खोटा?"

ते हसले खरे, पण त्यानंतर माझ्याकडं ढुंकूनही बघेनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यातच मार्गशीर्षात स्कूटरचा धक्का लागून माझा कोपरा फुटला, आतली जाळी दिसायला लागली. "अमावस्या होऊ दे, मग टाकूनच देऊ याला," असं घरात ठरलं.

ती अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आपल्याकडं सगळे रानात जातात, पाच दगडांना चुना लावून पुजतात, भज्जी, उंडे, आंबील यांचा निवद दाखवतात आणि मगच जेवतात. सुंदरम्मानं पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला होता. पण रान कुठं होतं? चनबसप्पा पायरीवर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं.

"ऊट माडरी, जेवा की वो," सुंदरम्मा काकुळतीला आली. तीही उपाशीच होती.

"निवद कुनाला दाखवू? डांबराला?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, मी खरा दगड असतो तर त्या क्षणी धावून गेलो असतो, असं काहीतरी वेडंवाकडं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात घरात कुणीतरी मोटर चालू केली. माझ्या पोटातला पाईप थरथरला आणि माझं पोकळ अंग घुमायला लागलं. चनबसप्पा उठले. जवळ येऊन त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला.

"सुंदरम्मा, ह्याच्या पोटात पानी हाय गं," ते हळूच म्हणाले. "आपल्या रानातल्या दगडाखाली कुटं हुतं? चुना आन."

पाच दगड तिथं नव्हते, एकटा मीच. म्हणून त्यांनी पाची बोटं चुन्यात बुडवली आणि माझ्या अंगावर पाच रेघा ओढल्या.

"मामा, अहो तो टाकून द्यायचाय," श्रीदेवी दारातून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे त्याला. पोकळ हाय म्हनून तर पानी सांभाळतोय की."

निवद दाखवून झाला. रानात शिंपावी तशी त्यांनी कंपाउंडच्या कडेनं आंबील शिंपली, आणि मग दोघं नवराबायको माझ्याशेजारी बसून पोटभर जेवली. त्या दिवशी मी खडक झालो.

पुढं श्रीदेवीनं माझा कोपरा गिलावा लावून बुजवला. चनबसप्पा रोज सकाळी येता-जाता काठीनं मला 'डब्ब' करायचे. मला आता त्याची लाज वाटत नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

तुमच्या अंगणात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचा फुटका कोपरा वेळीच लिंपा, बाळांनो. आणि बोअरचं तोंड कधीही उघडं टाकू नका. आम्ही नुसते शोभेला बसलेले नसतो.

यंदाच्या वेळ अमावस्येला चुन्याची वाटी घेऊन श्रीदेवी आली. मामांच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. तिनं त्यांच्यावरूनच आपली पाच बोटं ओढली. मग घरातल्या कोपऱ्यातली मामांची काठी आणून तिनं माझ्यावर हलकेच वाजवली, आणि तिथंच बसून खूप रडली.